कल्ला उघडून बघणारी आत्या

आमची आत्या कुठल्याही वस्तूच्या तोंडाकडे बघत नसे. मासळी असो, आंबा असो, नाहीतर नवरामुलगा असो, ती थेट कल्ला उघडायला जायची. वर्तकनगरच्या बाजारात कोपऱ्यावर तिची पाटी असायची आणि तिथं बसून बसून तिचं हे एकच शास्त्र पक्कं झालं होतं. "डोला काय बगतंस बाय," ती गिऱ्हाइकाला म्हणायची, "बर्फान ठेवला की डोला चकाकतो. कल्ला उघर नि बग, लाल हाय का." स्वतःचा माल विकायला बसलेली बाई गिऱ्हाइकाला तो तपासायला शिकवते, याचं लोकांना हसू यायचं. ज्या दिवशी माल मनासारखा नसे त्या दिवशी ती पाटीच लावायची नाही. घरी बसून आमच्याशी भांडायची.

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं, तेव्हापासून ती कळव्याला खाडीकाठच्या आमच्या घरीच होती. आम्ही कोळी, पण बाबांच्या पिढीला खाडीत जाळं टाकण्यासारखं काही उरलं नव्हतं. बाबा महापालिकेत पाणीखात्यात लागले आणि आजोबांची होडी दाराशी उपडी पडून राहिली. आत्याने तेवढी पाटी सोडली नाही. मला तिनेच वाढवलं म्हटलं तरी चालेल, कारण आई आजारी असायची आणि मी शाळेतून सुटले की सरळ बाजारात तिच्या शेजारी जाऊन बसायची.

एकदा बाबांच्या डोक्यात दिवा स्टेशनजवळ फ्लॅट घ्यायचं आलं. बिल्डरच्या माणसाने आम्हाला सजवलेला नमुना फ्लॅट दाखवला, सरबत दिलं. आम्ही फरशीचं कौतुक करत होतो तेवढ्यात आत्या गायब. ती शेजारच्या, आधीच लोक राहायला आलेल्या इमारतीत तीन मजले चढून आली होती. खाली आल्यावर सरबताचा पेला तसाच ठेवून म्हणाली, "दारादारान पिपं हायत. नलाला पानी असतं तर पिपं कशाला भरली असती?" पाणीखात्यातला माणूस असून बाबांना हे सुचलं नव्हतं. ते आठवडाभर तिच्याशी नीट बोलले नाहीत. फ्लॅट मात्र घेतला नाही.

चुलतबहिणीला बघायला आलेल्या मुलाशी ती एक शब्द बोलली नाही. तो गेल्यावर म्हणाली, "त्याची आय चहाचे पेले उचलीत होती नि ह्यो पाय पसरून बसलेला." झालं. नाही म्हणून निरोप गेला. तिचं असं सगळं बघून, ऐकून, पटूनसुद्धा माझ्या वेळेला मी काय केलं ते सांगायचं आहे. सांगताना मला अजून लाज वाटते.

मला पायलट व्हायचं होतं. आमच्या गच्चीवरून विमानं खाली उतरत जाताना दिसायची आणि ती मोजत मी मोठी झाले. लेखी पेपरांचे क्लास डोंबिवलीला केले, पेपर पहिल्या झटक्यात पास झाले. पुढचा प्रश्न फ्लाइंग स्कूल कुठलं, आणि या धंद्यात सगळं तिथंच ठरतं. व्यावसायिक लायसनला दोनशे तास उडावं लागतं, आणि तेवढे तास तुम्हाला शाळेनेच द्यायचे असतात. शाळेकडे विमान नसेल, इन्स्ट्रक्टर नसेल, तर तुम्ही हॉस्टेलच्या खाटेवर पडून राहता. पास झालेल्या पेपरांना मुदत असते. ती कुणासाठी थांबत नाही.

कल्याणला एका हॉलमध्ये एका शाळेचा सेमिनार होता. स्टेजवर खांद्यावर पट्ट्या असलेला देखणा कॅप्टन, मोठा पडदा, चकचकीत माहितीपुस्तक. मी त्याच दिवशी विरघळले. आत्याने ते पुस्तक उलटंपालटं करून बघितलं. आतल्या फोटोत पाच पांढरी विमानं ओळीने उभी होती. तिने विचारलं, "ही उभी हायत ती कवा जातात?" मी म्हटलं, "आत्ये, फोटो काढायचा म्हणून उभी केली असतील." ती म्हणाली, "आपुन जाऊन बगू." तिने माझ्यासाठी तिच्या पाटल्या काढून दिल्या होत्या, तेव्हा बघायला यायचा तिला हक्कच होता.

शाळा घाटापलीकडे होती. भाड्याची गाडी करून आम्ही तिघं गेलो. बाबांनी ठेवणीतला शर्ट घातला होता आणि पिशवीत नारळ घेतला होता. आत्या नऊवारी लुगड्याचा काष्टा घालून, अंबाड्यात अबोलीची वेणी माळून आली होती. फाटकाशी गाडी थांबली. समोर काचेचं ऑफिस होतं, दारात टाय लावलेली मुलगी उभी होती. मी आत्याकडे बघितलं. मला तिच्या लुगड्याला बाजाराचा वास आला. रोज येणारा, ज्या वासात मी वाढले तोच वास. मी हळूच म्हटलं, "आत्ये, तू गाडीतच बस ना. आत खूप चालावं लागेल, ऊन पण आहे."

तिने माझ्याकडे एकदा बघितलं. तिला कळलं, हे मलाही कळलं. बाबा पुढे गेले होते, त्यांनी वळून विचारलं, "अगो, येत नाय काय?" तर तीच म्हणाली, "मना ऊन लागतंय रं. तुमी जा, मी बसते."

आत आमची फार सरबराई झाली. सिम्युलेटर दाखवलं, एसी वर्ग दाखवले, माझ्या डोक्यावर टोपी घालून फोटो काढला. दोन-अडीच तास आम्ही तिथं होतो आणि आकाश लख्ख असूनही एक विमान हललं नाही. मी विचारलं तर संचालक हसून म्हणाले, "आज देखभालीचा दिवस." मला ते एकदम पटलं. मी सही केली, बाबांनी सही केली. मग बाबांनी संकोचत नारळ काढला आणि संचालकांनी लगेच एक दगड मागवला. ऑफिसच्या मागच्या पायरीवर नारळ फुटला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

इथं आमच्या घरातली एक रीत सांगायला हवी. नवी होडी पाण्यात लोटायच्या आधी तिच्याबद्दल जे काही वाईट बोलायचं असेल ते सगळे बोलून घेतात. लाकूड कच्चं आहे, बूड वाकडं आहे, काय असेल ते. एकदा नारळ फुटला की मात्र वाकडा शब्द काढायचा नाही. तो शब्द जाणाऱ्याच्या मागे लागतो, असं मानतात. आत्या ही रीत काटेकोर पाळायची.

मी खोबऱ्याची वाटी घेऊन धावत फाटकाबाहेर आले. आत्या गाडीत नव्हतीच. ती कुंपणाच्या तारेला धरून वॉचमनशी बोलत उभी होती, तिचा डबा त्याच्या हातात होता. मला बघून ती घाईघाईने पुढे आली. "बाय, आयक..." एवढं म्हणाली आणि तिची नजर माझ्या हातातल्या खोबऱ्यावर गेली. मी म्हटलं, "झालं आत्ये! फुटला नारळ." तिने तोंड मिटलं. खोबऱ्याचा तुकडा घेतला, कपाळाला लावला आणि चावत बसली. परतीच्या वाटेवर ती एकदाच बोलली, "गवत लय वाढलंय तिथं." मी मोबाइलवर टोपीवाला फोटो मैत्रिणींना पाठवत होते.

त्या शाळेत माझी साडेतीन वर्षं गेली. पाच विमानांपैकी एक उडायचं आणि त्याच्यासाठी आमची रांग असायची. कधी सुटा भाग परदेशातून यायचा असे, कधी इन्स्ट्रक्टर नोकरी सोडून गेलेला असे. महिन्याला दोन तास मिळाले तर आम्ही एकमेकींना चहा पाजायचो. आत्या दर रविवारी फोन करायची. "उरलीस का गो?" उडालीस का, एवढंच विचारायची. मी खोटं बोलायची, ती "बरं" म्हणायची. एका सकाळी फाटकाला कुलूप होतं. माझ्या वहीत एकसष्ट तास होते.

मी घरी आले तेव्हा आत्याची पाटी बंद झाली होती. साखरेने पाय धरला होता, ती खाटेवरच असायची. कुणी मला बोललं नाही, बाबासुद्धा नाही. तिसऱ्या दिवशी तिने मला जवळ बसवलं.

"मना तवाच म्हाईत होतं," ती म्हणाली. कुंपणापलीकडे तिने नीट बघितलं होतं. चार विमानांच्या चाकांभोवती फटींतून गवत वर आलं होतं, अर्ध्या चाकापर्यंत. एकाच्या तोंडात साळुंकी काड्या घेऊन जात होती. एका विमानाखाली तेवढे तेलाचे ताजे डाग होते. वॉचमनला तिने भाकरी आणि सुक्या बोंबलांची चटणी खायला घातली, तेव्हा त्यानेही सांगितलं की उडतं ते एकच, तेही रोज नाही. "दाराशी होरी उपडी परली की तिचे खाली गवत येतं, ह्ये मी जल्मभर बगत आले. तुना सांगाला येत होते. तर तुझे हातान खोबरा." मग ती रडायला लागली. "माजी जीभ जलो. नारल बगून मी गप बसले. पोरीचा वाटोला केला मी."

बाबा दारात उभे होते. ते म्हणाले, "तू आत आली असतीस तर वेळेत बोलली असतीस. ऊन काय लागलं तुला त्या दिवशी." आत्याने डोळे पुसले आणि म्हणाली, "हां ना. ऊनच लागत होतं." माझ्याकडे तिने बघितलंसुद्धा नाही. तिने मला दुसऱ्यांदा पाठीशी घातलं आणि मी ते घालू दिलं. मी तिचा पाय चेपत बसले.

त्यानंतर ती पाच महिने होती. पाय कापावा लागला, मग ताप उतरेना. हॉस्पिटलात येणाऱ्या प्रत्येकाला ती तेच सांगायची, पोरीचं नुकसान माझ्यामुळे झालं. नर्सला सांगायची, शेजारच्या खाटेवरच्या बाईला सांगायची. मी रोज ठरवून जायची की आज सांगते, आत्ये, तू नाही, मी. रोज डबा धुऊन परत यायची. शेवटच्या दिवशी तिला शुद्ध नव्हती, तेव्हा मी तिच्या कानात सांगितलं. त्याला सांगणं म्हणत नाहीत.

आता पेपरांची थोडीच मुदत उरली आहे. गेल्या आठवड्यात बाबांना घेऊन मी दुसरी एक शाळा बघायला गेले. पत्र्याची शेड, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, टाय कुणालाच नाही. ऑफिसात न जाता मी आधी विमानांकडे गेले. तिथल्या माणसाची परवानगी घेतली आणि एकेका विमानाखाली वाकले. चाकांजवळची जमीन घासून उघडी पडली होती. टायरना ओला चिखल होता. एका पोटाखाली तेल ठिबकत होतं, मी बोट लावून बघितलं तर अजून कोमट होतं. तासाभरात तीन विमानं गेली आणि आली.

मी परत आले तेव्हा बाबा शेडच्या बाहेर बाकावर बसले होते, मांडीवर नारळाची पिशवी. ते म्हणाले, "आज ती हवी होती. आज तिला आत आणली असती. तेव्हा तिला ऊन सोसलं नाही."

मी म्हटलं, "बाबा, ती सगळा जन्म उन्हात मासळी विकत बसली. तिला ऊन लागत नव्हतं. मी तिला आत येऊ दिलं नाही. मला तिची लाज वाटली."

बाबा कितीतरी वेळ नारळाच्या शेंडीचे धागे उपसत राहिले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "मला माहीत होतं. मी वळून बघितलेलं ना. मला पण तेव्हा बरंच वाटलेलं, ती बाहेर बसली ते."

समोरून एक विमान धावत गेलं आणि उचललं. आम्ही दोघांनी मान वर केली नाही. आतून कुणीतरी विचारायला आलं, फॉर्म आणू का. बाबांनी नारळ पिशवीत तसाच ठेवला, पिशवीचं तोंड बांधलं आणि मला म्हणाले, "आज नको फोडायला. आधी जे बोलायचंय ते बोलून घेऊ."