गेला म्हणजे बाद

आमच्या कारखान्यात गाडीचे बुश तपासायचं काम बायका करतात. बुश म्हणजे लोखंडाची बोटभर नळी. तिच्या भोकात गेज, म्हणजे मापाची दांडी, घालायचा. गेजची हिरवी बाजू आत गेली पाहिजे, लाल बाजू जाता कामा नये. मी चौथी शिकले, मला जमतं.

एक बाई तपासते आणि ओरडून सांगते. तिच्यामागची दुसरी तो बुश क्रेटमध्ये टाकते, चांगला हिरव्या, खराब लाल. चांगला असला की आम्ही 'बसला' म्हणतो. खराब असला की 'गेला', माणूस गेला म्हणतात तसा. हे कुणी ठरवलेलं नव्हतं.

मैंदर्गीची एक बाई नवी लागली. नवरा वारलेला, दोन पोरी सासूजवळ, चूल हिच्याच पगारावर. घरी कानडी, मराठी बेताची. सुपरवायझरनं तिला शिकवलं, गेजची हिरवी बाजू नीट गेली की 'गेला' म्हणायचं, नाही तर 'न्हाय गेला'. ती तसंच म्हणत राहिली. मागं क्रेटवर आमची जुनी बाई. मशिनच्या आवाजात तिला शब्द तेवढा ऐकू यायचा. 'गेला' म्हटलं की लाल क्रेटमध्ये, 'न्हाय गेला' म्हटलं की हिरव्या. चांगला माल बाद झाला आणि बाद माल चांगल्यात पडला.

"मशिनवाला झोपला हुता काय गं आज?" क्रेटवाली ओरडली. "समदंच गेलंय की!"

"त्येचं लगीन ठरलंय," मी पलीकडच्या टेबलावरून म्हणाले. "ध्यान कुटं असंल?"

सगळ्या हसल्या. नवीही हसली.

गाडीच्या कंपनीत ते बुश बसेनात. तिथलं काम थांबलं. माल परत आला तेव्हा घोटाळा कळला आणि मालकानं चुकणाऱ्याचं नाव मागितलं.

मी सुपरवायझरला म्हणाले, "साहेब, तिची चूक न्हाय. तुमचं गेला येगळं, आमचं गेला येगळं."

"कळलं, आजी. पण मालकाला काय सांगू? एका शब्दानं घोटाळा केला म्हणून?"

"व्हय. तसंच झालंय की."

"मग आधी मलाच काढतील."

क्रेटवाली शेजारीच होती. आमचा शब्द नवीला कुणी सांगितला नव्हता, एवढंच तिनं बोलायचं होतं. ती हातमोजे झटकत राहिली.

नवीचं कार्ड गेटवर काढून घेतलं. तिनं मला विचारलं, "अव्वा, नंदेन तप्प?" माझं काय चुकलं, म्हणून.

"काय न्हाय," मी म्हणाले. त्याचा तिला काय उपयोग?

तिला कामावर लावलेल्या ठेकेदारानं तिचा फोटो बाकीच्या ठेकेदारांना पाठवला. एमआयडीसीत तिला कुणी उभं केलं नाही. आता ती गावाकडं दुसऱ्याच्या रानात खुरपायला जाते. थोरल्या पोरीची शाळा सुटली. तीही जाते.