चौथं तिकीट विरीचं

टपाल तिकिटांचा डिझायनर म्हटल्यावर तुम्हाला एसी ऑफिस, नाकावर चष्मा, हातात भिंग असलं काहीतरी दिसलं असेल. पुसून टाका. त्या शनिवारी मी मुरुडच्या वाळूत सुपारीच्या पानावर फतकल मारून बसलो होतो. वय सव्वीस, वजन बहात्तर. आणि माझी ताई, तिच्या लॉजवरच्या पाहुण्यांचं जेवण टाकून आलेली, मला ओढत होती.

"निल्या, तू माणूस हायस का गोणी?"

"ओढ गं ताई. ऑफिसचं काम आहे."

"तुझ्या ऑफिसात खुर्च्या न्हाईत?"

काम खरंच होतं. अलिबागच्या आमच्या छोट्या स्टुडिओला लहानपणच्या खेळण्यांवर चार तिकिटांचा सेट मिळाला होता. भोवरा, माडाच्या पातीची पिपाणी, ताडगोळे काढून घेतलेल्या ताडफळांची चाकं लावलेली गाडी; तिन्ही पास. अडकलं चौथं. सुपारीचं पान गळून पडतं, त्याच्या बुडाशी खोलगट, चामड्यासारखी विरी असते. एकानं विरीवर बसायचं, दुसऱ्यानं पानाचा शेंडा धरून पळायचं. आमच्या आळीतली गाडी हीच. पेट्रोल म्हणजे ताई.

पहिल्यांदा मी दोन मुलं काढली. टपाल खात्याच्या कमिटीचा निरोप आला, चेहरे नकोत. चेहरा आला की हा कोण, ते लोक विचारत बसतात. मग नुसती विरी काढली. बॉस मॅडमनी तिची तिकिटाएवढी प्रिंट काढून हात लांब करून धरली. ही आमची टेस्ट. चित्र आपण पाचपट मोठं काढतो, लहान करताना बारीक रेघा मरतात. उरेल तेच तिकीट.

"निलेश," मॅडम म्हणाल्या. त्यांचा आवाज मी हुबेहूब काढतो. नाकातून, प्रत्येक शब्दाला इस्त्री. "हा झाडू आहे का?"

"खेळणं आहे, मॅडम."

"झाडू आहे. सोमवारी नवं दाखव. नाहीतर चौथा पतंग टाकू."

पतंग काय, कुठंही उडतो. ज्या गाडीत मी वाढलो तीच सेटमधून जाणार, हे काही मला पचेना. म्हणून ही वाळू, आणि फोटो टिपायला समोर दगडाला टेकवलेला मोबाइल.

ताईनं जोर लावला. मी सहज मान मागं टाकली आणि माड चालायला लागले. लहानपणी मला वाटायचं, आपण जागेवरच आहोत, माडच समुद्राकडं निघालेत. झावळ्यांतून ऊन ठिपकत होतं. खाली वाळूची सरसर. पुढं ताईची वेणी, एकदा इकडं, एकदा तिकडं. कुठं चाललोय माहीत नाही, विचारायचंही नाही. वाटलं, उठूच नये.

टर्रर्र.

"काय फाटलं?"

"विरी."

"मला वाटलं पँट."

मोबाइलमधले फोटो मी बघितलेच नाहीत. दोन्ही चित्रं मी बाहेर उभा राहून काढली होती, तिथंच चुकत होतं. तिसरं बसल्या जागेवरून काढलं. समोर पानाचा शेंडा, लाल रिबिनीची वेणी, धुळीनं भरलेल्या दोन टाचा, दोन्हीकडं कललेले माड. चेहरा नाहीच. सोमवारी मॅडमनी हात लांब केला आणि बराच वेळ तसाच धरला.

"कुठं चाललेत हे?"

"माहीत नाही, मॅडम."

"पाठव."

पास झालं. चित्र अडलं की रेघा खोडत बसू नये, बसायची जागा बदलावी, एवढं शिकलो.

छापलेला सेट घेऊन ऐटीत मुरुडला गेलो. ताईनं बोंबलाचे हात पदराला पुसले, तिकीट उजेडात धरलं.

"ही मी?"

"तूच."

"आणि तू कुठं हायस?"

"मी विरीवर. म्हणून दिसत नाही."

"म्हंजे हितं पण मीच ओढतेय? जाताना तू बसायचं, येताना मी, असं ठरलं होतं आपलं. रोज येताना तुझ्या पायात काटा! एकदा तरी बसू दिलंस? आता देशभरची लोकं बघतील, पोरगी ओढतेय आणि महाराज आरामात. ऊठ! परसात ताजी विरी पडलीय. आणि पायात काटा हाय म्हणालास ना, तर बघ!"