हिरामणचा साग

आमच्या गंगापूर रोडच्या बंगल्यातली बाग हिरामणने सोळा वर्षं सांभाळली. तो पेठकडचा. भात कापून झाला की बायकोला घेऊन नाशकात यायचा. बोलणं इतकं कमी, की त्याच्या तोंडून वाक्य काढण्यापेक्षा बोअरला पाणी लागणं सोपं. गेल्या वर्षी त्याची बायको, चिमणाबाई, इथेच तापाने गेली. तिसऱ्या दिवशी हा मोगऱ्याला आळं करत बसलेला. मला तेव्हा त्याचा रागच आला होता.

यंदा माझ्या मुलीचं, ललिताचं लग्न ठरलं. मांडवाच्या आड येणारा साग आम्ही रीतसर परवानगी काढून पाडला. तेव्हा हिरामणने पहिल्यांदाच काही मागितलं.

"ताई, बुंधा देता का? घरी लागतोय."

"ने की," मी म्हटलं. तो टेम्पो बघायला गेला आणि इकडे माझा आगाऊ चांगुलपणा जागा झाला. टेम्पो कशाला, एसटीतून नेईल बिचारा, चुलीलाही बरं पडेल. मी झाड पाडणाऱ्या मशीनवाल्याकडून अख्ख्या बुंध्याचे दीड-दीड फुटांचे तुकडे करून घेतले.

हिरामण परतला आणि तुकड्यांजवळ जाऊन बसला. दोन तुकडे उचलून त्याने एकमेकांना लावले, काढले, पुन्हा लावले. मला भीती वाटली.

"काय झालं, हिरामण?"

"चिमणाचा खांब करायचा व्हता."

त्याच्या पाड्यावर कुणी वारलं की त्याच्या नावाने सागाचा एकसंध खांब कोरतात, त्यावर चंद्र-सूर्य काढतात आणि शिवेवर उभा करतात.

"वरीस झालं," तो म्हणाला. "जंगलातला तोडला तं फॉरेस्टवाले धरतात. समद्यांचे खांब हाईत, तिचाच नाय."

"मिस्त्रीकडून जोडून घेऊ."

"जोडल्याला चालत नाय."

"अरे, मग आधी सांगायचं नाही का?" चूक माझी, आणि चिडले त्याच्यावर.

"लगीनघर हाय, ताई. हितं मेल्या माणसाचं नाव कसं काढू?"

मला रडू आवरेना. तो मात्र उठून तुकडे गोणीत भरू लागला. एकही मागे ठेवेना. भुसासुद्धा ओंजळीने गोळा केला.

"आता याचं काय करशील?" मी विचारलं.

"काय करनार? पन हितं ऱ्हायलं तं आचाऱ्याच्या चुलीत जाईल." त्याने गोणीचं तोंड बांधलं. "रोप तिनं लावलं व्हतं."