कोल्ह्यावरची सासू, उंदरावरची सून

आमच्या पाड्यात गौरीपूजनाच्या दुपारी सुनेला सासूच्या तोंडावर बोलायची मुभा असते. वर्षातनं एकदाच, आणि ती पण सोंगातनं. एरवी बोलायला गेलो असतो तर आमच्या म्हातारीनं जीभ हासडून हातात दिली असती.

मी अंजू. सांगते ते माझ्या थोरल्या जावेचं, गिरजाचं. शेणव्याच्या पलीकडं आमचा पाडा. गिरजा मुरबाडकडची, लग्न होऊन इकडं आली तेव्हा पाप्याचं पितर होती. आता नाय. आता ती दारातनं आत आली की उजेड कमी होतो, आणि हे मी तिच्या तोंडावर सांगते. भात लावते, पावसात करटोली काढून खर्डीला स्टेशनाबाहेर विकायला बसते, आणि गिऱ्हाईक भाव करायला लागलं की त्याचीच नक्कल करून त्याला हसवून पाठवते. नवरा धाऊ गरीब माणूस. त्याच्या वाटचा आवाजसुद्धा हिनंच घेतलाय.

पण गिरजाला तालुक्यात माणसं ओळखतात ती सोंगामुळं.

पावसाची नक्षत्रं तुमाला ठाऊक असतील. मघाचा पाऊस सासूचा, पूर्वाचा सुनेचा, हे आमच्याकडं पोरंसोरं पण सांगतात. का म्हणून विचारू नका, कोणा जुन्या सासुरवाशिणीनं ठरवलं असेल. आणि दरेक नक्षत्र पंचांगात कशावर तरी बसून येतं. कधी बेडकावर, कधी म्हशीवर, कधी गाढवावर. म्हैस आली की पाऊस दणकून, उंदीर आला की भाताकडं बघून उसासे टाकायचे. दर साली वाहन बदलतं. गौर येते ती बहुतेक त्याच दिवसांत, म्हणून आमच्याकडं गौरीपुढं मघा नि पूर्वाचं सोंग निघतं. सासू तिच्या वाहनावर, सून तिच्या वाहनावर, आणि दोघींचं अंगणात भांडण. वाहनावर म्हंजे ते जनावर अंगात आणून. तालीम नाय, पाठांतर नाय. आदल्या दिवशी पंचांगात वाहन बघायचं नि दुसऱ्या दिवशी उभं राहायचं. पुढं तोंडाला येईल ते. नियम एकच, सोंगातलं सोंगात. अंगणात जे बोललं गेलं ते मनात धरून कोणी घरात न्यायचं नाय.

ज्या साली मघाला म्हैस आली होती ना, त्या साली गिरजा एक शब्द बोलली नाय. उंबऱ्यात जाऊन बसली, बसली ती बसलीच. नुसतं रवंथ. बाया तिच्यावरनं पाय टाकून आतबाहेर करतायत, पूर्वा झालेली मी पाया पडतेय, शेपूट ओढतेय, पण ही हलेल तर शपथ. आमची म्हातारी तेव्हा होती. ती हसून हसून खोकायला लागली नि म्हणाली, "मेली, माझीच बसकण उचललीन!" गाढवाच्या साली तर कहरच. आमच्या पाड्यात गाढव कुठलं? ही शहापूरच्या बाजाराला निघाली, वाटेत वीटभट्टीवर गाढवं दिसली, ती बघत उभी राहिली आणि बाजार विसरून रिकामी पिशवी घेऊन घरी आली. धाऊदादांनी त्या दिवशी मीठभाकर खाल्ली.

म्हातारीबद्दल सांगायचं तर मेलेल्या माणसाला नावं ठेवू नये, पण तिनं गिरजाला राबवलं. हंड्यावर हंडा, कळशीवर कळशी. अंगात ताप घेऊन गिरजा लावणीला गेलेली मी डोळ्यांनी बघितली. तेव्हाच गिरजानं ठरवलं होतं, माझ्या पोराची बायको येईल तिला मी काडी उचलू देणार नाय. आणि गिरजानं ठरवलं म्हंजे देवानं पण मधे येऊ नये.

हरेश तिचा एकुलता एक. त्याची बायको रुचिता. पोरगी मुरबाड गावातली, शिकलेली, कल्याणला लॅबमध्ये रक्त तपासायचं काम करते. आली तेव्हा पहाटे उठून चुलीशी यायची. गिरजा तिच्या आधी उठलेली. पाणी तापवलेलं, भाजी फोडणीला टाकलेली, डबा बांधून पिशवीत घातलेला. पोरीनं परातीला हात लावला की, "राहू दे बाळा, दमशील." झाडू घेतला की, "ठेव गो, कामाला जायचंय तुला." सुट्टीच्या दिवशी, "झोप जरा." मग पोरगी यायची बंद झाली. खोलीत मोबाईल घेऊन बसायला लागली. बोलणं आटत आटत "हो" नि "नको" यावर आलं. बाया म्हणाल्या, शिकलेली हाय, टेंभा मिरवते. गिरजा त्यांच्या अंगावर धावून जायची. सुनेची बाजू इतकी घेणारी सासू मी जन्मात बघितली नाय, आणि त्या सुनेच्या तोंडावर इतकं दुःख पण.

यंदा गौरीच्या चार दिवस आधी हरेशनं सांगून टाकलं. "आये, बदलापूरला खोली बघितलीय. गौर गेली का आमी तिकडं जाऊ. रुचिताला जायला यायला सोपं पडेल."

गिरजा माझ्या ओट्यावर येऊन बसली. हातात वालाच्या शेंगा, सोलायला आणलेल्या. एक शेंग सोलली नाय.

"मी तिला काय कमी केलं गो, अंजू?"

"मला काय विचारतेस? तिला विचार की!"

"भीती वाटते. तुमच्या घरात माझं मन नाय लागत, असं म्हणाली तर?" आणि पदर तोंडाला लावून रडली. पन्नास बायांसमोर म्हैस होऊन बसणारी ही बाई सुनेला एक प्रश्न विचारायला घाबरत होती. मला तिचा राग पण आला आणि माया पण आली. मी शेंगा ओढून घेतल्या नि सोलायला लागले, दुसरं काय करणार?

आता यंदाच्या गौरीत एक गोष्ट होती. नव्या सुनेचा ओवसा आमच्याकडं गौर पूर्वा नक्षत्रात आली तरच करतात. पानं, फळं, फुलं भरलेली सुपं तिनं गौरीपुढं ओवाळायची, की ती घरची सून म्हणून देवाला कळली. मागच्या साली गौर उत्तरात आली, रुचिताचा ओवसा राहिला. यंदा पूर्वात आली. आणि पाड्याची रीत अशी की त्या साली कोणाचा ओवसा असला तर तीच त्या दुपारी सोंगातली पूर्वा. मघा अर्थात गिरजा.

"तिला नको उभी करू," गिरजा मला म्हणाली. "लाजेल पोरगी. तूच हो पूर्वा."

"का, माझा ओवसा हाय? माझे गुडघे बघ नि मग बोल!" मी सरळ रुचिताकडं गेले. म्हटलं, असं असं असतं, तुला उभं राहावं लागेल. तिनं मोबाईल खाली ठेवला. मग हळूच म्हणाली, "काकी, वाहन काय आहे?"

हरेशनं मोबाईलात पंचांग काढलं. मघाला कोल्हा, पूर्वाला उंदीर. हरेश फिसकन हसला. रुचिता हसली नाय. "चालेल," म्हणाली.

गौर आली, तेरड्याची, साडी नेसवून मखरात बसली. सुपं गिरजानंच धुतली, गिरजानंच भरली, दोरा गिरजानंच गुंडाळला. रुचितानं फक्त ओवाळली. नैवेद्य झाला, जेवणं झाली, उन्हाची तिरीप आली आणि बाया अंगणात गोल करून बसल्या. मी ढोलकी घेतली.

गिरजा आली ती पेंढ्याची शेपटी खोचून. अंग चोरून, पाय असे अलगद टाकत, तुळशीला एक वळसा, मान तिरकी, एक डोळा कोंबड्यांच्या खुराड्यावर. एवढं मोठं शरीर, पण बघता बघता कोल्हा! खुराड्यातली कोंबडी खरंच ओरडली. बाया तेव्हापासूनच लोळायला लागल्या.

"कुठं हाय गो माझी सून?" कोल्हीण चिरक्या आवाजात म्हणाली. "अजून लोळतेय? पाणी काय तुझा बाप भरील?"

रुचिता बाहेर आली. कानाला सागाची पानं, मागं सुतळीची शेपटी. उभी राहिली.

"बघतेस काय? उचल हंडा!"

रुचितानं हंडा उचलला. आणि तिथं गिरजाचा घोटाळा झाला. कोल्हीण पुढं झाली ती झडप घालायला, पण हात गेले ते हंड्याकडं. सवयीनं गेले. "राहू दे बाळा," तिच्या तोंडातनं गेलं, "जड हाय."

हशा जो उसळला! "ही कसली सासू गो?" मी ढोलकी सोडून ओरडले. "ही तर कोल्ह्याच्या कातड्यातली शेळी!" गिरजा ओशाळली. सोंगात उभ्या जन्मात ती कधी अडखळली नव्हती.

रुचिता हसत नव्हती. तिनं नाक वर केलं. हुंगलं. इकडं हुंगलं, तिकडं हुंगलं, आणि वाकून तुरुतुरु घरात शिरली. आतनं खडखडाट. बाहेर आली ती परात ओढत. परात तुळशीपुढं ठेवली, परत आत. तवा. परत आत. उलथनं, पातेलं, मिसळणाचा डबा. एकेक वस्तू दातात धरल्यासारखी हनुवटीशी धरून आणायची, रचायची, पुन्हा हुंगत आत. बाया टाळ्या पिटायला लागल्या, मी ढोलकीवर तिच्या पावलांचा ठेका धरला. कोणी शिकवलं होतं हिला? कोणी नाय. शेवटी स्वतःचा जेवणाचा डबा आणला, सगळ्यांच्या वर ठेवला, आणि सरळ उभी राहिली.

"सासूबाई," ती म्हणाली. आवाज पार मागच्या बाईपर्यंत पोचला. "यातल्या एका भांड्याला तुम्ही मला हात लावू दिला नाही. हा डबा रोज मी नेते, पण त्यात भाजी काय आहे ते मला कल्याणला कळतं. आज माझा ओवसा, सुपंसुद्धा तुम्हीच भरलीत. उंदीर तरी घरातल्या भांड्यात तोंड घालतो, कारण तो घरचा असतो. भांड्याला हात लावत नाही तो पाहुणा. मला अजून किती दिवस पाहुणी ठेवणार?"

माझी ढोलकी कधी थांबली मला कळलं नाय. बाया पदरानं नाकं पुसतायत. कडेला हरेश उभा, त्याचं तोंड उघडं. आणि गिरजा अंगणाच्या मधोमध, शेपटी गळून पायाशी पडलेली. मी मनात म्हणतेय, बोल गो बाई, बोल काहीतरी, तुझी पाळी हाय. आता मिठी मारून रडलीस आणि "चुकलं बाळा" म्हणालीस तर ती पोरगी पुन्हा पाहुणीच.

गिरजानं वाकून शेपटी उचलली. खोचली. कंबरेवर हात ठेवले. तिचे डोळे भरलेले मला दिसत होते, पण आवाज आला तो थेट आमच्या म्हातारीचा.

"मग बघत काय उभी राहिलीस, भवाने? एवढी भांडी बाहेर काढलीस ती घासायला काय तुझी आई येणार मुरबाडवरनं? बस खाली! आणि उद्याच्या भाकऱ्या तू थापायच्या. करपल्या तर तूच खायच्या!"

"खाईन!" रुचिता ओरडली, आणि रडत, हसत, कानावरची पानं सांभाळत भांड्यांपुढं बसली. बायांनी असा कालवा केला की रस्त्यावरची जीप थांबली.

संध्याकाळी हरेश तिच्याजवळ घुटमळला. "बदलापूरवाल्याला काय सांगू?"

तिचे हात राखेनं भरलेले. "सांग, घरात उंदीर झालेत. सोडून येता येत नाही."

गिरजाची सोंगं मी इतकी बघितली, तिच्यासमोर उभी राहिले, मार पण खाल्ला. पण खरं सोंग बघितलं ते दुसऱ्या दिवशी सकाळी. गौरीची फुलं न्यायला मी गेले, तर आत चुलीशी धूर, पिठाचा सडा, परात पडल्याचा आवाज, आणि करपल्याचा वास पार ओट्यापर्यंत. बाहेरच्या खोलीत गिरजा गोधडी डोक्यावर घेऊन झोपलेली. झोपली कसली! गोधडीतनं तिचे पाय हलत होते. परात वाजली की पाय उठायला बघायचे, आणि ती पायानं पाय दाबून धरायची. मी गोधडीचं टोक उचललं. कडा दातात धरलेली, डोळ्यांतनं पाणी.

"तीन करपल्या," ती कुजबुजली. "वासावरनं कळतं."

"उठ मग."

"नाय."

आतनं रुचिताची हाक आली, "आई, मीठ कुठं ठेवलंय?"

गिरजा उठून बसलीच होती. मी तिचा दंड धरला. तिनं माझ्याकडं बघितलं, मोठा श्वास घेतला, आणि पुन्हा आडवी झाली.

"शोध!" ती गोधडीतनं ओरडली. "तुझंच घर हाय!"