गाडीच्या मालकाचा आवाज

गाडीच्या विम्याचा प्रीमियम वाढल्याचा मेसेज आला तेव्हा मी मोबाईललाच शिव्या घातल्या. घरात दुसरं माणूस म्हणजे फक्त आई, आणि तिच्यावर ओरडायचं नाही असं मी त्या दिवसांत ठरवलं होतं. ठरवावं लागायचं. माझी बायको आदल्या वर्षी माहेरी गेली ती परत आलीच नाही. जाताना म्हणाली होती, "सासरे गेले म्हणता, पण मला तर ते रोज ऐकू येतात." मला ते नुसतं कुजकं बोलणं वाटलं होतं.

बाबांना जाऊन तेव्हा तीन वर्षं होत आली होती. गाडी त्यांची, रिटायर झाल्यावर हौसेने घेतलेली, छोटी, पांढरी. कागदावर अजून त्यांचंच नाव. भाईंदर पूर्वेला, खारीतला आमचा फ्लॅटही त्यांच्याच नावावर. लोकांना मी सांगायचो की बाबांचं नाव काढायला हात धजत नाही, आणि लोक हळहळायचे. खरं कारण आळस. दरवर्षी मेसेज यायचा, मी पैसे भरायचो, बाबांच्या नावाने नवी पॉलिसी यायची. माणूस आहे की गेला, हे कंपनीने कधी विचारलं नाही आणि मी कधी सांगितलं नाही.

बाबा गेल्यावर आमच्या घरात एकच माणूस सुधारलं, ते म्हणजे आई. बाबांना कुकरची शिट्टी सहन व्हायची नाही. दोन झाल्या की हॉलमधून ओरडायचे, "अक्कल गहाण ठेवलीस काय? बंद कर तो गॅस!" चाळीस वर्षं आमच्याकडे डाळ कच्ची राहिली, आणि डाळ कच्ची का राहिली म्हणून परत तिचाच उद्धार. ते गेल्यावरही महिनाभर ती दुसऱ्या शिट्टीला पळत जायची. मग एक दिवस तिने तीन होऊ दिल्या. मग चार. पुढे पुढे तर पाच शिट्ट्या होईपर्यंत खुर्चीत बसून सिरियल बघायची, आवाज मोठा करून. जन्मभर कुजबुजत बोललेली बाई, आता कोळणीशी भाव करायला लागली की खाली रस्त्यापर्यंत ऐकू यायचं. मला ते बघून बरं वाटायचं. आणि तेच मी थोड्या पैशांसाठी घालवलं, म्हणून हे लिहितोय.

तर, विमा. मी भांड्यांच्या कारखान्यात सुपरवायझर आहे, दिवसभर पत्र्याची किटकिट ऐकतो आणि रविवारी मला शांतता लागते. ते चार रविवार मी विमा शोधण्यात घालवले. भाईंदर पश्चिमेला एका ऑफिसात गेलो, मोबाईलवर तीन-तीन ठिकाणी नंबर टाकून बसलो, मग दिवसभर हिंदीतून फोन. सगळीकडे रेट चढलेले. गाडी जुनी होतेय, किंमत उतरतेय, मग प्रीमियम कसा काय चढतो, असं विचारलं की समोरचा म्हणायचा, "सर, सबका बढ़ा है." जसं काही सगळ्यांचा वाढला की माझा कमी दुखणार.

शेवटी मीरा रोडला एक एजंट सापडला. गुजराती माणूस, पण मराठी फाडफाड. त्याने जुनी पॉलिसी बघितली आणि खूश झाला.

"साहेब, नाव हेच ठेवा. तुमच्या नावाने नवीन काढली तर बोनस झीरो. ह्यांनी कधी क्लेमच केला नाय, म्हणून अर्धी सूट मिळतेय. एकदम क्लीन माणूस!"

मला हसू आवरेना. बाबा ठोकायचे, चांगले ठोकायचे. पार्किंगच्या खांबाला घासायचे आणि घरी येऊन आईला फाडून खायचे, तू बाजूला बसून बडबडतेस म्हणून लक्ष गेलं. रंग मात्र स्वतःच्या खिशातून लावून घ्यायचे. असा तो क्लीन माणूस.

"बाबा आहेत ना?" एजंटने फॉर्ममधून मान वर न काढता विचारलं.

"आहेत की. गावी असतात, रत्नागिरीला."

इतकं सोपं होतं ते. वडील वारले की त्या सवलतीचं काय होतं, हे मी विचारू शकलो असतो. पण विचारायचं म्हणजे बाबा मेलेत हे सांगायचं, आणि सांगितलं की सूट गेली, असा माझा हिशोब. मी स्वतःला लई हुशार समजतो. एजंट म्हणाला, घराचापण घेऊन टाका, दोन्ही एकत्र स्वस्तात बसवतो. बिल्डिंग किती जुनी विचारलं, तर मी दहा वर्षं कमी सांगितली. मेलेला माणूस जिवंत केला होता, बिल्डिंग तरुण करायला काय लागतंय. जुन्या कंपनीच्या नाकावर टिच्चून मी दोन्ही विमे घेतले आणि वर वडापाव खाऊन घरी आलो.

एकच भानगड होती. नवी कंपनी म्हणून मालकाला फोन येणार होता, खात्री करायला. मी नंबर माझाच दिला होता.

फोन आला तेव्हा मी हॉलमध्ये, आई आत स्वयंपाकाला. कंपनीच्या पोरीने हिंदीत बाबांचं नाव घेतलं. मी घसा खाकरला, बाबांसारखा, आधी दोनदा बारीक आणि मग एकदा मोठ्याने, आणि म्हणालो, "हाँ, मैंच बोलताय. बोलो." बाबांचं हिंदी असंच होतं. जन्मतारीख सांगितली. गाडीचा नंबर सांगितला. नॉमिनी कौन, तर म्हणालो, "हमारा मिसेस." मला स्वतःचंच कौतुक वाटायला लागलं. आवाज असा सरळ निघत होता, जसा काही घशात तयारच होता.

तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली. मग दुसरी. पोरगी काहीतरी विचारत होती, ते ऐकू येईना. आणि मी फोन कानाला तसाच धरून ओरडलो, "अक्कल गहाण ठेवलीस काय? बंद कर तो गॅस!"

हे मी ठरवून केलं नव्हतं. आपोआप आलं, त्याच आवाजात.

तिसरी शिट्टी झाली नाही. फोन संपवून वळलो तर आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, पदर दोन्ही खांद्यांवरून ओढून घेतलेला, मान खाली. बाबा फोनवर असले की ती अशीच उभी राहायची, पुढची ऑर्डर काय येते त्याची वाट बघत. मला हसू आलं. खोटं कशाला बोलू, आलं. म्हणालो, "अगं, मी आहे. विम्याचा फोन होता. कसा काढला आवाज?"

ती तशीच मान खाली घालून आत गेली. त्या दिवशी डाळ कच्ची होती. दुसऱ्या दिवशीही. टीव्हीचा आवाज खाली गेला, कोळीण दारावरून परत जायला लागली. मी म्हटलं, अगं होऊ दे की शिट्ट्या, कोण ओरडतंय? तर म्हणाली, "नको रे. आवाज होतो." मला वाटलं, होईल ठीक. मी काही मुद्दाम केलं नव्हतं.

पुढे दोनच महिन्यांत घोडबंदर रोडला, चेण्याजवळ, एका ट्रेलरने मला मागून ठोकलं आणि मी पुढच्या टेम्पोत घुसलो. मला खरचटलंसुद्धा नाही. गाडी मात्र दोन्हीकडून चेपली. गॅरेजवाल्याने खर्चाचा आकडा सांगितला तेव्हा मी तिथल्याच एका टायरवर बसलो. क्लेम टाकला. कंपनीचा फोन आला, मालकाला भेटायचंय. म्हटलं, वडील गावी आजारी आहेत, अंथरुणाला खिळलेत. तर म्हणाले, मग आमचा माणूस घरी येईल, नॉमिनीचा जबाब घेईल. नॉमिनी म्हणजे आई.

आदल्या संध्याकाळी मी आईला सगळं पढवलं. तिने फक्त मान हलवायची. बाबा गावी आहेत, तब्येत बरी नाही, बस. फोनवरचा रेकॉर्ड केलेला आवाज ऐकवला तर म्हणायचं, हो, ह्यांचाच. तिने ऐकून घेतलं. सकाळी मी भिंतीवरचा बाबांचा फोटो चंदनाच्या हारासकट उतरवला आणि पलंगाखाली पालथा घातला. भिंतीवर चौकोनी पांढरा डाग राहिला, त्यावर कॅलेंडर लावलं. आणि मग मी ते केलं, जे आठवलं की आजही माझं मलाच थोबाडावंसं वाटतं. खाली जाऊन हिरव्या बांगड्या आणि कुंकवाची डबी घेऊन आलो आणि आईपुढे ठेवली. कपाटातून तिचं मंगळसूत्र काढलं.

तिने मंगळसूत्र उचलून तळहातावर घेतलं.

"किती वेळ घालायचं?" तिने विचारलं.

"तासभर गं. माणूस गेला की काढून टाक."

"चाळीस वर्षं घातलं," ती म्हणाली, "अजून एक तास."

आणि आरशासमोर उभं राहून तिने कुंकू लावलं. ते जरा बाजूला गेलं, तर मी म्हणालो, "नीट लाव, वाकडं दिसतंय." हेही मी म्हणालो.

चौकशीवाला अकराच्या सुमाराला आला. चाळिशीचा, साधा, चप्पल बाहेर काढून आत आला. चहा घेतला, आईला मावशी म्हणाला. इकडचं तिकडचं विचारलं, आईने बरोबर माना हलवल्या. मग त्याने मोबाईल काढला. "मावशी, एकदा हा आवाज ऐका. तुमच्या यजमानांचाच ना?"

खाकरणं आलं. हाँ, मैंच बोलताय. जन्मतारीख. हमारा मिसेस. मग लांबून शिट्टी, परत शिट्टी, आणि माझ्या हॉलमध्ये तो आवाज फुटला: "अक्कल गहाण ठेवलीस काय? बंद कर तो गॅस!"

आई उठली. चहाचा कप तसाच ठेवून तरातरा स्वयंपाकघरात गेली. आम्हाला दोघांना खुर्चीवरून दिसत होतं. तिने शेगडीचं बटण धरलं आणि फिरवायला गेली. गॅस बंदच होता. ती तशीच उभी राहिली, बटणावर हात ठेवून, आमच्याकडे पाठ करून. बांगड्या वाजत होत्या.

मग ती बाहेर आली.

"साहेब, हे गेले. तीन वर्षं झाली," ती म्हणाली. "हा आवाज माझ्या मुलाचा आहे."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी उठलोच. "साहेब, आईचं डोकं ठिकाणावर नसतं हल्ली. काहीपण बोलते. विसरते."

"विसरते?" आई म्हणाली. तिने माझ्याकडे बघितलंही नाही. गुडघे दुखतात म्हणून एरवी खाली न बसणारी बाई, पलंगाला धरून खाली वाकली, हात लांब करून फोटो ओढून काढला, पदराने धूळ पुसली आणि हारासकट त्या माणसाच्या मांडीवर ठेवला.

"मालकाला भेटायचं होतं ना तुम्हाला? हे बघा मालक."

त्या माणसाने फोटोला हात जोडले. बिचारा दुसरं काय करणार. मग कागद पिशवीत भरता भरता मला म्हणाला, अगदी हळू, आईला ऐकू जाऊ नये असं, "क्लेम तर गेला. घराची पॉलिसीपण रद्द होईल. पण काय हो, मृत्यूचा दाखला आणून नाव बदललं असतं, तर वडिलांची सूट वारसाला मिळते. तुम्हालाच मिळाली असती. कोणालाही विचारायचं होतंत."

तो गेला. मी दार लावलं आणि दाराकडे तोंड करूनच उभा राहिलो. मला ओरडायचं होतं. घशात सगळं तयार होतं, तेच शब्द, तीच लय, मला नुसतं तोंड उघडायचं होतं. ते नको म्हणून मी फोटो उचलला आणि कॅलेंडर काढून परत खिळ्याला लावायला गेलो.

"राहू दे," आई म्हणाली.

"काय?"

"नको लावू. ठेव पलंगाखालीच."

तिने कुंकू पदराने पुसलं. मंगळसूत्र काढून टेबलावर ठेवलं. बांगड्या काढल्या नाहीत, मनगट फिरवून एकदा बघितल्या आणि तशाच ठेवल्या.

"अगं, भिंत कशी दिसते ती. डाग पडलाय. लोक काय म्हणतील?"

"खिळा राहू दे तिथं," ती म्हणाली. "त्या आवाजात परत ओरडलास ना मेल्या, तर तुझा फोटो लावते."

स्वतःच्या पोराला बोलली ती हे, आणि बोलताना आवाज जरासुद्धा चढवला नाही. मग आत गेली आणि डाळीचा कुकर चढवला. मी हॉलमध्ये फोटो हातात घेऊन बसलो होतो. दोन शिट्ट्या झाल्या. तिसरी झाली. ती स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली, पदर खोचलेला, हात कमरेवर, माझ्या तोंडाकडे बघत. चौथी झाली, पाचवी झाली, सहावीही झाली. मी बोललो नाही.