काकांचा हात

नारपोलीत आमच्या घरामागच्या कारखान्यात यंत्रमाग दुरुस्त करणारे एक काका आहेत. बिघाड शोधताना ते चालू मागावर नुसता तळवा ठेवतात. बोलताना मात्र समोरच्याच्या ओठांवरून नजर हटवत नाहीत.

यंदा आमच्या कॉलेजला माग कामगारांचे कान तपासण्यासाठी निधी मिळाला. आमच्या अहवालावरून महापालिका मोफत कानतपासणी सुरू करायची की नाही, ते ठरवणार आहे. घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. मला आनंदानं झोप लागेना. पहिली तपासणी काकांची केली. मी बटण दाबलं की हेडफोनमध्ये आवाज यायचा; तो ऐकू आला की त्यांनी हात वर करायचा. काकांनी दर वेळी केला. मी ‘उत्तम’ लिहिलं.

दुसऱ्या दिवशी ते आपणहून आले.

“पोरी, तो कागद फाड. मी तुझा अंगठा बघत व्हतो. शेठला कळला तर काम जाईल, म्हनून. पन सगल्यांनी असाच केला, तर तपासनी सुरू व्हनार न्हाय ना?”

त्यांनी खुर्ची फिरवली, माझ्याकडे पाठ करून बसले आणि हेडफोन चढवला. थोड्या वेळानं मोठ्यानं म्हणाले, “अगं, चालू कर ना!”

मी तोवर पाच वेळा बटण दाबलं होतं.