उतारावरचं झाड

माझे दाजी, म्हणजे ताईचे यजमान, सरकारी कंत्राटदार. पण बंगले-मोटारी मिळवून देणारं ते कंत्राट नव्हे. बागेतल्या तलावाच्या मातीच्या धरणाची देखभाल त्यांच्याकडे. गवत कापायचं, घुशींची बिळं बुजवायची आणि उतारावर झाडाचं रोप दिसलं की उपटायचं. फिरायला येणारी मंडळी त्यांना झाडांचा यम म्हणत. दाजी कुणाच्या अध्यात ना मध्यात. फार झालं तर सांगायचे, "मूळ सडलं की आत पोकळी राहते. पाणी तिथून वाट काढतं. खाली वस्ती आहे."

अशा माणसाने एक झाड मात्र राखलं. त्यांची एकुलती एक मुलगी तापाने गेली, तेव्हा ताईने ती जिथे घसरगुंडी खेळायची तिथेच, धरणाच्या उतारावर, एक रोप लावलं. दाजींनी ते पाहिलं, पण उपटलं नाही. त्याच्या भोवतीचं गवत ते स्वतः विळ्याने कापत. मला विचाराल तर हा शुद्ध वेडेपणा होता. पण पोटच्या पोरीपुढे शहाणपण कुणाला सुचतं?

झाड माणसाच्या डोक्याहून उंच झालं आणि त्याच्या खाली धरणाचा पायथा ओला राहू लागला. खात्याचे साहेब येऊन बघून गेले. झाड मुळासकट काढा, म्हणाले.

"कंत्राट सोडा," ताई म्हणाली. "दुसरा कुणीतरी काढेल. तुम्ही नका हात लावू."

"दुसरा वरून कापेल आणि मुळं आतच ठेवेल. मग खालच्या घरांचं काय?"

आपलेच दात, आपलेच ओठ. मी कुणाची बाजू घेणार?

तलावाचं पाणी खाली उतरवल्यावर दाजींनी मजुरांना बाजूला बसवलं आणि स्वतः कुदळ घेतली. एकेका मुळाचा माग काढत ते आत गेले. शेवटची बारीक मुळं बोटांनी चाचपून काढली. मग चिकणमातीचे थर टाकले, प्रत्येक थर ओला करून धुम्मसाने ठोकला, वर त्याच उतारावरच्या गवताचे तुकडे बसवले. ठिगळ दिसलं तर ते काम कसलं, असं ते नेहमी म्हणत.

पायथा सुकला. साहेब खूश झाले. ताईने घरात बोलणं टाकलं. ताट वाढायची आणि उठून आत जायची.

पुढच्या वर्षी एका सकाळी तीच म्हणाली, "मला तिथे न्या." आम्ही तिघे गेलो.

"कुठे होतं?" तिने विचारलं.

दाजी झपाझप वर गेले आणि थांबले. थोडे डावीकडे सरकले. खाली बसून गवतावर तळहात फिरवला, पुन्हा उठले, पुन्हा बसले. उतार सगळीकडे सारखाच हिरवा होता.

"सापडत नाही गं," ते म्हणाले.

ताईने त्यांच्याकडे बघितलं. रागावली असती तर मला बरं वाटलं असतं.

"हे एक काम तरी वाईट करायचं होतंत," ती म्हणाली आणि एकटीच खाली उतरली.